वादळ-पावसानंतर गच्चीवरचे सोलर पॅनेल कसे तपासायचे? : घरगुती सोलरसाठी संपूर्ण मार्गदर्शक



गच्चीवर सोलर बसवताना आपण खूप प्रश्न विचारतो. किती किलोवॉट, किती सबसिडी, बिल किती कमी होणार. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वादळ येऊन गेल्यावर काय करायचं? मीही विचारला नव्हता. आमच्या ठाकूरद्वारच्या इमारतीत तो प्रश्न मागच्या वर्षी आपणहून समोर आला, आणि त्या वेळी मी एक मोठी चूक केली. ती चूक पुढे सांगतोच. त्याआधी या लेखात काय आहे ते बघा: वादळाने सोलरचं नक्की काय बिघडतं, गच्चीवर जाण्याआधी काय करायचं, डोळ्यांनी काय तपासायचं, इन्व्हर्टरचे मेसेज कसे वाचायचे आणि कोणत्या कामाला स्वतः हात लावायचा नाही.

आधी आमची गोष्ट

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ५४० वॉटचे ६ पॅनेल आहेत, म्हणजे साधारण सव्वातीन किलोवॉट. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचं बिल त्यावर कमी होतं. पावसाळ्याआधीची तपासणी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली होती. मुंबईत मान्सून ११ जूनच्या आसपास येतो, हा हिशोब.

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. आणि तोही दक्षिण मुंबईला झोडपत. कुलाबा वेधशाळेच्या नोंदीत तो आजवरचा सर्वात जास्त पावसाचा मे महिना ठरला. १९१८ चा विक्रम मोडला. आमची तपासणी अर्थातच राहून गेली.

त्या सोमवारी सकाळी घरून काम करताना मी सहज इन्व्हर्टरचं ॲप उघडलं. निर्मिती शून्य. खाली लाल अक्षरांत मेसेज: इन्सुलेशन फॉल्ट. मी सॉफ्टवेअरवाला. एरर आली की आमचा पहिला उपाय ठरलेला असतो, बंद करून चालू करा. सेक्रेटरी काकांना फोन करून इन्व्हर्टर रीस्टार्ट करायला लावला. एकदा नाही, तीनदा. दोन दिवसांनी पाऊस जरा उघडला, दुपारी इन्व्हर्टर आपोआप सुरू झाला आणि मी ग्रुपवर लिहून मोकळा झालो, "झालं ठीक."

ठीक काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच फॉल्ट, दुपारी पुन्हा सुरू. आठवड्याभराने तंत्रज्ञ आला. त्याने इन्सुलेशन टेस्टर लावला तर आकडा आला ०.०८ मेगाओहम. या व्होल्टेजच्या सिस्टिमला तो किमान १ मेगाओहम असावा लागतो. पॅनेलखालची एक केबल वाऱ्याने हलून स्ट्रक्चरच्या धारेवर घासली होती. वरचं आवरण कापून आतली तार उघडी पडली होती. त्यात स्ट्रक्चरची अर्थिंगची पट्टी खारट हवेने गंजून नटापाशी तुटलेली.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. त्याच स्ट्रक्चरला कोणीतरी कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज ओल्या हातांनी, ओल्या गच्चीवर उभं राहून त्या तारेवर लुगडं वाळत घालायच्या.

कोणाला काही झालं नाही, हे नशीब. इन्व्हर्टर बरोबर सांगत होता. मी त्याला बग समजत होतो.

वादळ नक्की काय करतं?

*१. वारा.* ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला ताशी १०६ किमीचा झोत नोंदला गेला. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा ११४ किमी. म्हणजे काय, ते एका छोट्या गणितात बघू. वाऱ्याचा दाब काढायला भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये सोपं सूत्र आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ११४ किमी म्हणजे सेकंदाला साधारण ३१.७ मीटर. दाब आला ६०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास. ५४० वॉटच्या पॅनेलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या थोडं वर असतं. म्हणजे एका पॅनेलवर सुमारे दीडशे किलोचा जोर! आणि पॅनेलचं स्वतःचं वजन २८ ते ३० किलो. प्रत्यक्षात कोन आणि जागेप्रमाणे हा जोर कमी-जास्त होतो. गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यात तो सर्वात जास्त असतो.

पॅनेलची काच हा जोर सहज झेलते. आंतरराष्ट्रीय चाचणीत तिच्यावर २,४०० पास्कलचा दाब देऊन बघतात. सैल पडतात ते क्लॅम्प, नट-बोल्ट आणि स्ट्रक्चरचे पाय. म्हणून वादळानंतर आधी काचेकडे नाही, तर क्लॅम्पकडे बघायचं.

*२. पाणी.* केबलचे जोड, म्हणजे एमसी४ कनेक्टर, नीट दाबून बसवलेले नसतील किंवा गच्चीवर साचलेल्या पाण्यात लोळत असतील, तर आत ओल जाते. आमच्यासारखी केबल कापली गेली असेल तर ओल्या दिवसात गळती सुरू होते आणि कोरड्या दुपारी थांबते. "सकाळी बंद, दुपारी चालू" हा प्रकार दिसला की तो योगायोग समजू नका.

*३. वीज.* वीज थेट इमारतीवर पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी केबलमध्ये व्होल्टेजचा झटका येतो. तो अडवायला डीसी आणि एसी बॉक्समध्ये एसपीडी नावाचं उपकरण असतं. आपला जीव देऊन ते इन्व्हर्टर वाचवतं. एकदा गेलं की बदलावं लागतं, नाहीतर पुढचा झटका सरळ इन्व्हर्टरवर.

*४. गारा.* मुंबईत गारा क्वचितच पडतात, पण विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकांना २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल. प्रमाणित पॅनेलवर २५ मिलीमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८३ किमी वेगाने ११ ठिकाणी मारून चाचणी घेतात. गारा यापेक्षा मोठ्या असतील तर काच अख्खी दिसली तरी आतल्या सेलला बारीक तडे गेलेले असू शकतात.

*५. उडून आलेल्या वस्तू.* पत्रे, प्लॅस्टिक, टाकीची झाकणं, नारळाच्या झावळ्या. गिरगावात जुन्या चाळींवरचे पत्रे आणि ताडपत्र्या आजूबाजूला भरपूर आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही शक्यता सगळ्यात मोठी.

गच्चीवर जाण्याआधी

हा भाग घाईत सोडून देऊ नका.

सर्वात महत्त्वाची गोष्ट: उजेड आहे तोवर पॅनेल बंद होत नाहीत. एमसीबी पाडली, इन्व्हर्टर बंद केला, सगळ्या इमारतीची वीज गेली, तरी पॅनेलपासून डीसी आयसोलेटरपर्यंतच्या केबलमध्ये पूर्ण व्होल्टेज असतं. आमचे ६ पॅनेल एका ओळीत आहेत. प्रत्येकी साधारण ४९.५ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३०० व्होल्ट. ढगाळ हवेत विद्युतप्रवाह खूप कमी होतो, पण व्होल्टेज फारसं कमी होत नाही. "ऊन नाही, मग काय होतंय" हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

आता क्रम:

१. पाऊस, वारा आणि विजा पूर्ण थांबू द्या. ओल्या गच्चीवर, चाळीच्या कौलांवर किंवा पत्र्यावर चढू नका. पॅनेल तिथे असतील तर खालून किंवा शेजारच्या गच्चीवरून मोबाइलचा झूम वापरा.

२. इन्व्हर्टर बंद करताना आधी एसी एमसीबी, मग डीसी आयसोलेटर. उलटं करू नका. एसी बंद केल्यावर इन्व्हर्टर काम थांबवतो, डीसीमधला प्रवाह शून्यावर येतो आणि मग आयसोलेटर ठिणगीशिवाय उघडतो. नंतर इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ थांबा, बहुतेकदा ५ ते १० मिनिटं. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

३. एमसी४ कनेक्टर चालू स्थितीत कधीही ओढून काढू नका. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, त्यामुळे तिची ठिणगी लवकर विझते. डीसीला ही सोय नाही. ठिणगी पेटली की पेटलेलीच राहते आणि कनेक्टर वितळतो.

४. इन्व्हर्टर किंवा मीटरची खोली पाण्यात गेली असेल तर स्विचलाही हात लावू नका. आपल्या भागात तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये पाणी शिरणं नवीन नाही. कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्यात वीज बेस्टची आहे, त्यांना कळवा. नेट मीटरचं सील आपण तोडायचं नसतं. बुडालेला इन्व्हर्टर वाळवून चालू करून बघणे हा प्रयोग तर अजिबात नको.

५. धूर, जळका वास किंवा चरचर आवाज आला तर लांब व्हा आणि १०१ वर फोन करा. फोनवरच सांगा, "गच्चीवर सोलर आहे." अग्निशमन दलासाठी ही माहिती फार महत्त्वाची असते.

स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे किंवा पायातली चप्पल हे ३०० व्होल्ट डीसीपासूनचं संरक्षण नाही.

हात न लावता करायची तपासणी

ही तपासणी कोणालाही जमते. साधारण अर्धा तास लागतो. आधी फोटो, मग बाकी सगळं. विम्याचा दावा करायचा झाला तर साफसफाईच्या आधीचे, तारीख-वेळ दिसणारे फोटो लागतात. पॅनेलचा कंपनीचा हमीकाळ बहुधा नैसर्गिक आपत्तीला लागू होत नाही, म्हणून विमा आणि फोटो हाच आधार.

- ओळ सरळ आहे का? एका टोकाला उभं राहून पॅनेलच्या वरच्या कडेकडे बघा. एखादा पॅनेल वर-खाली किंवा सरकलेला असेल तर क्लॅम्प सैल झालाय.
- क्लॅम्प आणि बोल्ट. बसवतानाच प्रत्येक बोल्टवर नटापासून पट्टीपर्यंत मार्करची एक सरळ रेघ मारून घ्या. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. पाना न लावता एका नजरेत कळतं.
- काच. तडा, चूर, जाळी. फुटलेला पॅनेल वीज देत असला तरी तो चालू ठेवायचा नाही. पाणी आत जातं आणि गळती सुरू होते. हात लावू नका, बदलायला सांगा.
- पाठ. खालून बघा. पांढऱ्या पडद्यावर ओरखडा, फुगा, जळका डाग आहे का? जंक्शन बॉक्सचं झाकण जागेवर आहे का?
- केबल. लोंबकळतेय का, धारेवर घासतेय का, पाण्यात पडलीय का? प्लॅस्टिकचे साधे टाय उन्हात दोन-तीन वर्षांत तुटतात. आमची केबल अशीच सुटली होती.
- अर्थिंग. स्ट्रक्चरपासून निघालेली पट्टी किंवा हिरवी तार अखंड आहे का? नटापाशी पांढरी किंवा तांबूस पूड दिसतेय का? आमच्यासारखा समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर हे खास बघा.
- एसपीडीची खिडकी. बॉक्सचं पारदर्शक झाकण न उघडता दिसते. बहुतेक कंपन्यांत हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बदला.
- परक्या वस्तू. स्ट्रक्चरला बांधलेली तार, दोरी, केबलवाल्याची वायर, झेंड्याची काठी. सोलरच्या स्ट्रक्चरला दुसरं काहीही बांधायचं नाही.

अर्थिंग इतकं महत्त्वाचं का? केबल एका ठिकाणी कापली गेली की लगेच झटका बसेलच असं नाही. पण गळती दुसऱ्या ठिकाणीही झाली की सर्किट पूर्ण होतं. अर्थिंग शाबूत असेल तर हा प्रवाह जमिनीत जातो. ते तुटलं असेल तर तो वाट बघतो, आणि स्ट्रक्चरला हात लावणारा माणूस ती वाट बनतो.

इन्व्हर्टर काय सांगतोय?

*ग्रिड नाही किंवा ग्रिड फॉल्ट:* बाहेरची वीज गेली आहे. बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर अशा वेळी मुद्दाम बंद होतो, नाहीतर आपली वीज लाइनवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणात अनेक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तेव्हा नुसतं ऑनग्रिड सोलर असतं तरी दिवा लागला नसता. त्यासाठी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. म्हणजे हा बिघाड नाही. वीज येऊ द्या, काही मिनिटांत तो आपोआप सुरू होईल.

*इन्सुलेशन फॉल्ट, आयएसओ किंवा लो रेझिस्टन्स:* डीसी बाजूला जमिनीकडे गळती आहे. रीस्टार्ट हा उपाय नाही. वरच्या क्रमाने बंद करा, स्ट्रक्चरपासून सगळ्यांना लांब ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलवा. दुपारी आपोआप सुरू झाला तरी बोलवा.

*डीसी व्होल्टेज कमी:* इथे आकडे छान बोलतात. तंत्रज्ञाने ओळीचं ओपन सर्किट व्होल्टेज मोजलं की शेजारी उभे राहून हिशोब करा. आमच्याकडे कागदावर २९७ व्होल्ट. पॅनेल ५५ अंशांपर्यंत तापला तर ते साधारण ८ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे २७३ च्या आसपास, आणि हे नैसर्गिक आहे. पण त्याखाली आणखी १५-१६ व्होल्ट कमी दिसले तर एका पॅनेलचा तिसरा हिस्सा गेलाय. एका पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड असतात आणि विजेच्या झटक्याने त्यातला एखादा शॉर्ट होतो. ४५ व्होल्टच्या आसपास कमी असेल तर अख्खा पॅनेल बघावा लागेल.

*मेसेज नाही, पण निर्मिती कमी:* मुंबईत १ किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास धरतात, पण पावसाळी दिवसाची तुलना त्याच्याशी करू नका. वादळानंतरचा पहिला स्वच्छ दिवस निवडा आणि ॲपमधला आलेख त्याआधीच्या स्वच्छ दिवसाशी ताडून बघा. आलेख सारख्या आकाराचा पण बुटका असेल तर धूळ-चिखल किंवा एखादा पॅनेल गेलाय. ठरावीक वेळेलाच खड्डा पडत असेल तर नवी सावली आली आहे: वाकलेला ॲंटेना, सरकलेली टाकी, शेजारच्या टॉवरची परांची. दोन ओळी असतील तर दोन्हींची एकमेकींशी तुलना ही सगळ्यात सोपी परीक्षा.

साफसफाई

तपासणीत सगळं ठीक निघालं तरच. पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. साधं पाणी आणि मऊ कापड किंवा लांब दांड्याचा मऊ वायपर पुरे. घासणी, साबण पावडर, प्रेशर जेट नको. टँकर किंवा विहिरीचं जड पाणी वापरलं तर पुसून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात. कबुतरांची विष्ठा पावसाने धुऊन जाईल या भरवशावर राहू नका. झाकलेला सेल तापतो आणि तिथे कायमचा डाग पडतो. पॅनेलवर पाय देऊन चालायचं नाही, हे सफाईवाल्या मुलालाही सांगा.

हे काम फक्त तंत्रज्ञाचं

- क्लॅम्प आवळणं. कंपनीने ठरवून दिलेल्या टॉर्कनेच. जास्त आवळलं तर काच फुटते.
- कनेक्टर उघडणं, बदलणं, केबल जोडणं.
- इन्सुलेशन आणि अर्थिंगची मोजणी. आकडा कागदावर लिहून घ्या. "चेक केलं, ओके आहे" हे उत्तर चालणार नाही.
- गारांनंतर किंवा काही आदळल्यावर थर्मल कॅमेऱ्याने तपासणी. तडा गेलेला सेल आजूबाजूपेक्षा गरम दिसतो.

पीएम सूर्यघर योजनेखाली घरावर सोलर बसवलं असेल तर ५ वर्षांची देखभाल बसवणाऱ्या विक्रेत्याची जबाबदारी असते. करारपत्र काढून वाचा आणि तक्रार लेखी करा.

आम्ही काय बदललं?

केबल बदलली, ती पाइपमधून नेली आणि स्टेनलेस स्टीलच्या क्लिपने बांधली. अर्थिंगची पट्टी नवीन टाकली. पावसाळ्याआधीची तपासणी जूनमधून १ मे ला आणली, महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने सगळे घरी असतात. दुसरी तपासणी दसऱ्याच्या आसपास. गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला बंद करण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत लावला: आधी एसी, मग डीसी. खाली तंत्रज्ञाचा नंबर.

आजींसाठी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून दिली. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, मग त्या दिवशी तो लाल दिवा लागला होता तेव्हाच सांगायचंस ना."

बरोबर आहे त्यांचं. लाल दिवा पहिल्या दिवसापासून लागलेला होता. तुमच्या इन्व्हर्टरवर असा दिवा दिसला तर रीस्टार्ट करण्याआधी त्याखाली काय लिहिलंय ते वाचा, आणि गच्चीवर कोण जातंय ते आधी बघा.